पडवीपासून शेतापर्यंत

पाहुणा शेतघरात शिरतो तो पडवीतून. कापडे आणि आसपासच्या वाड्यांतल्या जुन्या घरांना ही पडवी हमखास असते: अंगणापेक्षा हातभर उंच, पूर्वी शेणाने सारवलेली, आता बऱ्याच ठिकाणी लादी बसवलेली, समोरून उघडी. भिंतीला अडकवलेले जू आणि कोयते, वाशांना बियाण्यासाठी टांगलेले भोपळे-दोडके, आणि पाय लांब करून बसता येईल अशी एक बाजू, जी घरातल्या सर्वांत वडील माणसाची असते. आलेला माणूस टेकला की आतून तांब्या-भांडे येते. पाण्याबरोबर कधी गुळाचा खडा असतो. कुठून आलात, कोणाकडे आलात, हे सारे पाणी पिऊन झाल्यावर. पाणी आधी आणि ओळख नंतर हा क्रम इथे अजून टिकून आहे, आणि पैसे देऊन राहायला येणाऱ्या पाहुण्यालाही तोच लागू होतो.

कापडे बुद्रुक आणि कापडे खुर्द ही गावे पोलादपूर तालुक्यात, रायगड जिल्ह्याच्या आतल्या डोंगराळ टोकाला आहेत. समुद्र इथून दूर. जवळ आहे तो सह्याद्रीचा कडा. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेला रस्ता आंबेनळी घाटाने वर चढतो, आणि महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री खाली उतरून महाडमार्गे बाणकोटच्या खाडीला मिळते. माणसांची ये-जा या खोऱ्याला नवी नाही. महाड हे खाडीवरचे बंदर होते. तिथून मीठ आणि सुके मासे लादलेले बैल पार घाटाने वाईकडे चढत आणि उतरताना देशावरचा माल घेऊन येत. चढणीच्या आधी विसावा लागे, आणि पायथ्याच्या गावांना वाटसरूची सवय त्या काळापासूनची. जवळच्या उमरठला तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. परंपरा सांगते, की तानाजी मुलाच्या, रायबाच्या लग्नाचे बोलावणे घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि कोंढाण्याची कामगिरी घेऊन निघाले. १६७० च्या फेब्रुवारीत त्या गडावर ते पडले. लढाईच्या या कथेची सुरुवात घरच्या कार्याला पाहुणे बोलावण्यापासून होते, हे या खोऱ्यातल्या एखाद्या पडवीवर बसून ऐकताना फार जवळचे वाटते.

पडवीवरचे ते पाणी मात्र सगळ्यांसाठी नव्हते, आणि याचीही साक्ष याच सावित्रीच्या काठी आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तिथे ओंजळीने पाणी प्यायले, आणि तळ्यावरच्या हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडावे लागले. कोणाला पडवीवर बसवायचे, कोणाला अंगणातूनच परत पाठवायचे, कोणाला वरून पाणी वाढायचे, हे तेव्हा जात ठरवी. जुन्या पाहुणचाराविषयी लिहिताना ही बाजू झाकून चालत नाही. शहरातून येणारा आजचा पाहुणा घरात कुठपर्यंत येईल हे त्याच्या आडनावावर ठरू नये. जिथे तसे ठरत नाही, तिथे पाहुणे ठेवण्याच्या या नव्या व्यवसायाने जुन्या घराला काहीतरी मोलाचे दिले आहे. आणि जिथे अजून ठरते, तिथला पाहुणचार, जेवण कितीही चांगले असले तरी, अपुराच राहतो.

पडवीच्या आत माजघर. इथपर्यंत येई तो घरचाच माणूस, आणि या भागातला नेमाने येणारा पाहुणाही तोच होता. महाड-पोलादपूरच्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरी केली. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत एकाच गावचे अनेक जण, पाळीप्रमाणे झोपणारे. पगारातून मनीऑर्डर गावी येई आणि शेत बायका व म्हातारी माणसे सांभाळत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापडगिरण्या पहिल्यासारख्या चालल्या नाहीत. काही जण गावी परतले, बरेचसे दुसरी नोकरी धरून शहरातच राहिले; पुढे त्यांच्या मुलांनी विरार, दिवा, नालासोपारा गाठले. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मात्र चाकरमानी गावी येतोच. त्या दिवसांत माजघरात पाऊल ठेवायला जागा नसते: ओळीने गाद्या, एका पांघरुणात तीन मुले, देव्हाऱ्याखाली बॅगा. सुट्टी संपली की त्याच घरात दोन माणसे उरतात आणि आतल्या खोल्यांना कड्या लागतात.

शेतावर पाहुणे ठेवण्याची कल्पना अशा घरात उगवते तेव्हा तिच्यामागे पैशाचा विचार असतोच, आणि तो असायलाही हवा. पण कड्या लागलेल्या खोल्यांचाही त्यात वाटा असतो. वापर नसलेले कौलारू घर दोन पावसाळ्यांत खचते. कौले सरकतात, वाळवी वाशांना लागते, आणि मग गणपतीला आलेल्या मुलाला स्वतःच्याच घरात गळक्या जागा शोधाव्या लागतात. परका पाहुणा येत राहिला की घरात झाडलोट होते, चूल पेटते, कौले दर वैशाखात चाळली जातात. मुंबईकर मुलाला सुट्टीत जे घर नांदते सापडते, ते अनोळखी माणसांनी वर्षभर नांदवलेले असते.

माजघरातून पुढे चूल. गॅस घरोघरी आहे. चहा आणि घाईचे काम त्यावर होते. भाकरी मात्र चुलीवरची. तांदळाच्या पिठाची उकड मळून थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरतो, ती उलटते, आणि तवा उतरवून निखाऱ्याशी उभी धरली की टम्म फुगते. थंडीत तांदळाच्या जोडीला नाचणी. बरोबर कुळथाचे पिठले, सुकटीची चटणी, ताक किंवा कोकमाची कढी. पावसाळ्यात डोंगर भाजी पुरवतो: टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली, बांबूचे कोवळे कोंब. पहिल्या जोराच्या पावसात ओढ्यातले मासे प्रवाहाविरुद्ध चढून खाचरांत शिरतात. हे वलगणीचे मासे. त्या रात्री घरात जो पाहुणा असेल त्याच्या ताटात ते पडतात, आणि ते ठरवून मिळत नाहीत. दुधाचेही तसेच. बारीक चणीची कोकणी गाय, जिची आता ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, थोडे दूध देते. तेवढ्यात घरचा चहा, पाहुण्यांचा चहा आणि देवाची वाटी भागवावी लागते; एखादी गाय व्याली तर मात्र खरवस.

घर जे खाते तेच पाहुण्याला वाढणे, हा या पाहुणचाराचा कणा आहे. शहरी मुलांसाठी पनीरची भाजी शिकून घेतलेल्या गृहिणीही आहेत, आणि भुकेल्या मुलाला आवडेल ते द्यावेसे वाटणे यात वावगे काही नाही. तरी जे घर आपले ताट बदलते, ते हळूहळू आपले शेतही बदलते. कुळीथ कोणी मागेनासे झाले की तो पेरलाही जात नाही.

पाहुणा येतो तेव्हा चुलीपुढच्या बाईची पहाट आणखी लवकर होते. पाणी तापवायचे, पीठ मळायचे, वीस भाकऱ्यांच्या जागी चाळीस, आणि शेवटची पंगत उठल्यावर भांडी. शेतघराच्या गोड वर्णनांतून हे कष्ट वगळले जातात. ज्या घरांनी शेजारच्या दोघी-तिघींना रोजावर मदतीला घेतले आणि जेवणाचे पैसे थेट गृहिणीच्या हाती देण्याची रीत ठेवली, त्या घरांचा पाहुणचार टिकतो. बाकीच्या घरांत पहिल्या वर्षाचा उत्साह दुसऱ्या वर्षी कंबरदुखीत जातो.

चुलीच्या मागच्या दाराने बाहेर पडले की परसू, आणि बाजूला खळे. घर आणि पाहुणे यांच्यातले अंतर खरे मिटते ते इथे, हातात काहीतरी काम असताना. वाल सोलण्याचेच पाहावे. भात कापून झाला की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल घेतात. त्याला वेगळे पाणी लागत नाही. वाळलेले वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे. मग चिमटीत धरून दाबले की साल एकीकडे आणि डाळिंबी एकीकडे. बिरड्यापुरते वाल सोलायला एका माणसाला दुपार लागते, म्हणून परातीभोवती सगळेच बसतात: आजी, सून, शाळेतून आलेला मुलगा, पाहुण्यांतली एखादी बाई आणि तिचे कंटाळलेले पोर. पोर आधी चार डाळिंब्या चिरडते, मग त्याला हात सापडतो. नजर परातीत असते, त्यामुळे बोलणे मोकळे होते. कोणाच्या मुलाने बारावीनंतर काय घेतले, कोणाची म्हैस आटली, मुंबईला भाड्याने खोली केवढ्याला मिळते, सून माहेरी कधी जाणार. समोरासमोर बसून ज्या गोष्टी परक्याला सांगितल्या जात नाहीत, त्या वाल सोलताना सहज सांगितल्या जातात. पाहुणीही मग आपल्या घरचे सांगते: सासूचे आजारपण, मुलाचे न बोलणे. आजी मान वर न करता म्हणते, “बोलंल तो, घाई नको करू बाय.” डाळिंब्यांचा ढीग वाढत जातो आणि चहाची वेळ होते.

थंडीत याच खळ्यावर पोपटी लागते. रायगड जिल्ह्याचा हा हिवाळी जिन्नस: मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, मधेमधे बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करतात. शिजले की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून, त्याच्या चरचरण्यावरून ओळखतात, आणि त्या निर्णयावर दर वेळी दोन मते असतात. मडके फोडायचे किंवा उलटायचे, पाला बाजूला करायचा, आणि केळीच्या पानावर सगळे ओतून गोल बसायचे. भांबुर्डीचा उग्र वास शेंगांना लागलेला असतो. तो पाला रानात फुकट उगवतो आणि भाताच्या कापणीनंतरच माजतो. म्हणून पोपटीला तिचा मोसम आहे, आणि मे महिन्यात तिची मागणी करणाऱ्याला नाही म्हणावे लागते.

खळ्याच्या पलीकडे शेत. पायथ्याच्या सपाटीवर भाताची खाचरे, बांधांवर तूर, वरकस उतारांवर नाचणी आणि वरी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात शेतीचे बहुतेक काम पावसाळ्याच्या चार महिन्यांत गोळा झालेले असते. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात, त्या जागी रोपे टाकतात, आषाढात चिखलणी आणि लावणी. शहरातल्या माणसाला लावणीचे फार वेड. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायकांची ओळ, एकीने उचललेले गाणे, अंगावर प्लास्टिकची खोळ. पाहुणे उतरतात, तासाभराने पाठ धरून बांधावर बसतात, आणि त्यांनी वेडीवाकडी लावलेली रोपे घरचे कोणी तरी निमूटपणे नीट करते. तरीही त्या तासाचे मोल आहे: भाताची किंमत पाठीला कळते, आणि पाठीला कळलेले बराच काळ राहते.

इथे एक पेच उभा राहतो. याच जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी उभारलेली सगुणा बाग १९८० च्या दशकापासून शेतीवर पाहुणे घेत आली आहे. महाराष्ट्रातल्या अशा केंद्रांत ती आद्य गणली जाते. तिथेच विकसित झालेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. गादीवाफ्यांवर भाताचे बी टोकतात, मुळे जमिनीतच कुजू देतात आणि पुढचे पीक त्याच वाफ्यांवर घेतात. मजुरी वाचते, कष्ट कमी होतात, जमिनीचा पोत सुधारतो. माणसे मुंबईला गेलेल्या गावात याचे महत्त्व सांगायला नको. मग पाहुण्यांच्या हौसेसाठी एक खाचर जुन्या पद्धतीने लावायचे का? काही शेतकरी तसे करतात, आणि मुलांना दाखवण्यापुरते ते ठीकही आहे. पण शेत पाहुण्यांसाठी चालवले जाऊ लागले की ते शेत राहत नाही, देखावा होतो. पाहुण्याने टोकणीच शिकावी. वाफ्यावरच्या खुणेप्रमाणे ठरावीक अंतरावर बी टाकत जाण्यातही वाकावे लागते, आणि पोराबाळांना ते लावणीपेक्षा लवकर जमते.

शेताच्या वर्षात पुढे भाद्रपदात गणपती, आरत्या, रात्री भजन किंवा जाखडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी आणि पेंढ्याच्या उडव्या. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात अख्खी वाडी एका पंगतीला बसते, आणि त्या दिवसांत आलेला पाहुणा आपोआप गावाचा होतो. वैशाखात करवंदे, रायवळ आंबे आणि फणस. फणस कोण फोडणार हे ठरलेले असते. हाताला आणि कोयतीला तेल लावून तो माणूस बसतो, बाकीचे भोवती. बरका निघाला की म्हातारी माणसे खूश, कापा निघाला की मुले. पावसाच्या तोंडावर झाडांवर काजवे येतात, आणि वीज गेलेली असेल तर ते अधिक चांगले दिसतात.

पावसाचे दुसरे रूप या खोऱ्याला चांगले ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि वस्ती गाडली गेली. त्याच पावसाने पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही मृत्यू आणला. घाटरस्ता त्या दिवसांत जागोजागी खचला होता. तेव्हापासून आषाढातल्या मुसळधारेत डोंगरकुशीतली माणसे रात्री झोपत नाहीत, कान डोंगराकडे ठेवून पडतात. धबधबे पाहायला निघालेल्या कुटुंबाचा फोन आला की अशा घरातला कर्ता सांगतो, “दादा, या आठवड्यात नको. पाऊस उघडला की मीच फोन करतो.” बुडालेल्या भाड्याचा त्या वेळी विचार होत नाही.

भाड्याचा विषय या घरांना अजून अवघड वाटतो. निवास-न्याहारी योजनेमुळे घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्याची वाट पूर्वीच खुली झाली होती. २००५ मध्ये पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन विकास संस्था सुरू केली आणि बारामतीजवळच्या पळशीवाडीतून हा विचार राज्यभर गेला. २०२० मध्ये शासनाचे कृषी पर्यटन धोरण आले; पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते आणि केंद्राला अधिकृत ओळख मिळते. कागद झाले, स्वच्छ न्हाणी-संडास झाले, पाटी लागली. पण ज्या पडवीवर ‘जेवूनच जा’ असे सांगायची सवय, तिथे दर माणशी जेवणाचा दर सांगताना घरच्या वडीलधाऱ्यांचा आवाज खाली येतो. तरुण पिढीला तसे वाटत नाही, आणि तिचे बरोबर आहे: कष्टाचे पैसे उघडपणे मागणे हा पाहुण्याचाही मान आहे, त्याला उपकाराखाली ठेवले जात नाही. दर स्पष्ट असले की दोन्ही बाजू सैल होतात आणि वाल सोलायला बसू शकतात.

निघायच्या दिवशी पाहुण्याच्या गाडीत पिशव्या चढतात: हातसडीचे तांदूळ, कुळीथ, आमसुले, चार नारळ, परसातली काकडी, मुलाने हट्टाने मागितलेले भांबुर्डीचे झुडूप. यातले काय विकलेले आणि काय दिलेले, याचा नियम कोणत्याही धोरणात नाही. काही घरे तांदळाचे पैसे घेतात आणि काकडीचे घेत नाहीत. काही घरांत वजनकाटा पडवीवरच असतो. काही ठिकाणी दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याकडून पिशवीचे काहीच घ्यायचे नाही, असे ठरलेले आहे. आणि पुष्कळ घरांत आजी पिशवी भरत असते, सून वहीत हिशेब लिहीत असते, आणि त्या दोघींचे यावर अजून एकमत झालेले नाही.